कणकुंबीच्या राईत क्षितिज नाही

बेळगावहून निघालेली लाल बस जांबोटीला पोचली तेव्हा खिडकीच्या फटीतून आत आलेल्या पावसानं माझा गुडघा चिंब झाला होता. चित्रांची वही मी ओढणीत गुंडाळून पोटाशी धरली होती. बसची पाटी कन्नडमध्ये, कंडक्टरच्या गप्पा मराठीत. खानापूर तालुक्यात यात कुणालाच नवल वाटत नाही.

माझ्या पीएच.डी.चा विषय आहे पर्जन्यवन आणि चित्रकला. दोन वर्षं मी ग्रंथालयात बसून इतरांनी काढलेली जंगलं पाहिली. चित्रकार आँरी रूसोनं फ्रान्स न सोडता, पॅरिसच्या वनस्पती उद्यानात हिंडून जंगलं रंगवली. आपल्याच घाटातल्या वनस्पतींची चित्रं असलेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’चे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापले गेले. पण त्यात झाड एकटं येतं, पांढऱ्या कागदावर. आजूबाजूचं रान पुसलेलं असतं. ते रान बघायला मी कणकुंबीला आले. मलप्रभा या गावात उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला मिळायला जाते. याच तालुक्यात जन्मलेली म्हादई मात्र पश्चिमेला, गोव्यातून समुद्राकडे.

ज्यांच्याकडे उतरले होते ते काका मला गावाबाहेरच्या देवाच्या राईत घेऊन गेले. पायाला तंबाखू-चुना फासला होता, तरी जळवा चढल्याच.

आत जाऊन मी वही उघडली आणि हात थांबला. शाळेपासून शिकलेलं पहिलं काम म्हणजे क्षितिजरेषा. इथं ती आखायची कुठं? दहा पावलांपलीकडे धुकं, वर पानांचं छत. अशा रानात जमिनीपर्यंत एक-दोन टक्केच ऊन पोचतं, त्यामुळे सावलीसुद्धा धड पडत नाही. लांबचं-जवळचं कळावं असं काहीच हाती लागत नाही. जे दिसतं ते नाकासमोर. एक पान मी बराच वेळ बघत राहिले. त्याचं टोक शेपटीसारखं लांब निघालेलं. पाणी शिरेवरून घरंगळत टोकाशी यायचं, थेंब फुगायचा, सुटायचा, आणि पान जरासं वर उडायचं. पान लवकर निथळावं म्हणून हे टोक. मी पटापट सात रेखाटनं केली. शाई कागदात पसरली आणि सातही पानं एकमेकांत मिसळली.

“काय काढायलीस गं?” काकांनी विचारलं.

“झाड. पण पानं वरती आहेत काका, दिसतच नाहीत.”

“हितं पान बघून झाड वळखत नाहीत बाळा. पान वर, आपण खाली. साल बघ की!”

राईत कोयता लावायचा नाही, म्हणून त्यांनी नुसता तळहात फिरवला. जांभळीच्या सालीवर, मग किंदळीच्या. मीही फिरवला. एक खवल्यांची, एक उभ्या भेगांची. डोळे मिटूनही फरक कळत होता.

तिथंच मला चित्रकार माक्स एर्न्स्ट आठवला. १९२५ मध्ये त्यानं लाकडी फरशीवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि लाकडाच्या रेघा कागदावर उमटवल्या. पुढे खडबडीत पृष्ठांवर कॅनव्हास ठेवून, रंग खरवडून त्यानं जंगलंच्या जंगलं उभी केली. त्याबद्दल प्रबंधात मी आठ पानं लिहिली होती आणि स्वतः एकदाही कागद घासला नव्हता. मला मनापासून वाईट वाटलं. घनदाट रान लांबून काढता येत नसेल, तर त्याला चिकटूनच काढायला हवं.

जांभळीच्या कोरड्या बाजूला पातळ कागद लावला. मेणखडू दोनदा फिरवला आणि कागद फाटला. दुसरा फाटला. तिसरा दमट हवेनं आधीच लोळागोळा झाला होता.

संध्याकाळी घरी आलो. ओसरीचे खांब किंदळीचे, काकांच्या आजोबांनी उभे केलेले. चुलीच्या उबेनं तिथली हवा जरा सुकी होती. काकूंनी कागद दोन्ही हातांनी खांबावर ताणून धरला, मी खडू आडवा घासत गेले. आधी नुसता करडा डाग. मग रेघा, मग एक गाठ, मग त्या गाठीला वळसा घालून जाणाऱ्या रेघा, ओढ्यातल्या दगडाला पाणी वळसा घालतं तशा.

काकू खांबाकडे आणि कागदाकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. “चाळीस वर्सं हेला टेकून बसत्ये,” त्या म्हणाल्या. “हे गाठ कधी दिसली न्हाई. आता त्या खांबाचं काढूया, ये.”