उत्तरेची खिडकी आणि तीन रंग : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत बैठकीच्या खोलीचा करडा रंग फसल्याचे लिहिले होते. त्याचे कारण आता नीट कळले आहे. स्टॉकहोम ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात येथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, आणि आमच्या बैठकीच्या उत्तराभिमुख खिडकीत त्या दिवसांत ऊन येतच नाही, येतो तो केवळ आकाशाचा निळसर उजेड. रंगपत्रिकेवर शांत आणि निर्मळ वाटलेला ‘एस २०००-एन’ या क्रमांकाचा शुद्ध करडा रंग भिंतीवर चढल्यावर पावसाळ्यात न वाळलेल्या सिमेंटसारखा दिसू लागला. चूक पूर्णपणे माझी होती, कारण पत्रिकेचा दोन बोटे रुंद तुकडा विजेच्या दिव्याखाली पाहून मी दोन डबे घरी आणले होते.

या वेळी ५० बाय ७० सेंटिमीटरचे पुठ्ठे रंगवले, प्रत्येकाला दोन हात दिले आणि तीन आठवडे ते एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर हलवत राहिले. एकच पुठ्ठा खिडकीसमोरच्या भिंतीवर मोतिया आणि खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर राखाडी दिसतो, हे तोंडी सांगून पटत नाही. सकाळी दहा वाजता, दुपारी दोन वाजता आणि रात्री २७०० केल्विनच्या, म्हणजे पिवळसर उजेडाच्या दिव्याखाली अशा तीन वेळांच्या नोंदी ठेवल्या. दिव्याखाली तर जवळजवळ सगळेच रंग चांगले दिसतात, म्हणून निर्णयासाठी मी दुपारच्या दोनची नोंद प्रमाण मानली.

खरा उलगडा मात्र एनसीएस या स्वीडिश रंगपद्धतीच्या सांकेतिक अंकांतून झाला. ज्यांनी ती वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पांढरा, काळा, पिवळा, लाल, निळा आणि हिरवा हे सहा मूळ रंग धरून ही पद्धत रचलेली आहे. ‘एस २०१०-वाय३०आर’ यातले पहिले दोन अंक काळेपणा २० टक्के असल्याचे सांगतात, पुढचे दोन रंगाचा जोर १० टक्के असल्याचे सांगतात, उरलेले ७० टक्के पांढरेपण असते, आणि शेवटचा भाग म्हणजे ३० टक्के लालसरपणा (आर) असलेला पिवळा (वाय). ‘एन’ असेल तर तो कोणत्याच बाजूला न झुकणारा करडा. आपण ‘स्कँडिनेव्हियन’ म्हणून ज्या रंगसंगतीचे फोटो पाहतो, तिथे निळा, हिरवा आणि बदामी रंग शेजारी असूनही भांडत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा पहिल्या चार अंकांत असते. रंग बदलला तरी काळेपणा आणि जोर तोच ठेवला, तर खोल्या एकमेकींच्या बहिणी वाटतात.

त्यानुसार बैठकीसाठी ‘एस २०१०-वाय३०आर’ हा गव्हाळ करडा, अभ्यासिकेसाठी ‘एस २०१०-जी६०वाय’ हा फिकट शेवाळी आणि झोपण्याच्या खोलीसाठी ‘एस २०१०-बी३०जी’ हा हिरवट झाक असलेला निळा निवडला. छत आणि खिडक्यांच्या चौकटी ‘एस ०५०२-वाय’ या येथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या किंचित पिवळसर पांढऱ्यात ठेवल्या. चौकट उजळ ठेवण्यामागे व्यवहार आहे. गडद चौकटीशेजारी बाहेरचा उजेड डोळ्यांवर येतो, फिकट चौकटीमुळे तो भिंतीपर्यंत पायरीपायरीने उतरतो. भिंतींच्या भेगांत लांबी (पुट्टी) भरणे, पॉलिश पेपर मारणे आणि दोन हात देणे यांत फेब्रुवारीचे चार शनिवार-रविवार गेले. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

इथे एक गैरसमज नोंदवावासा वाटतो. सगळे पांढरे आणि मधोमध एक काळा दिवा, एवढ्यावर ही स्कँडिनेव्हियन परंपरा आटोपत नाही. गुस्ताव तिसरा १७७१ ते १७९२ या काळात स्वीडनच्या गादीवर होता. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीत मोतिया करडे आणि फिकट निळे रंग आहेत. पण चित्रकार कार्ल लार्शन आणि विणकामात निष्णात असलेली त्याची पत्नी कारिन यांचे सुंडबोर्न येथील घर पाहिले, तर लाल आणि हिरवा एकाच जेवणघरात नांदताना दिसतात. तो धीटपणा पाहूनच माझ्या तिन्ही निस्तेज रंगांना एक झणझणीत फोडणी हवी, असे वाटू लागले.

ती फोडणी एका जुन्या लाकडी स्टुलाने दिली. स्वीडनमधील लाकडी घरांचा प्रसिद्ध लाल रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतील लोहयुक्त मातीपासून येतो. खाण १९९२ मध्ये बंद झाली, तरी मातीचे ढीग अजून वापरात आहेत. पाणी, राय या धान्याचे पीठ, जवसाचे तेल आणि ती माती शिजवून केलेला हा रंग बाहेरच्या खरबरीत लाकडासाठी असतो. घरात लावल्यास तो कपड्यांना लागतो. (आपला तुळशीवृंदावनाचा गेरू आणि कोकणातली काव यांचाही लाल लोहाच्या ऑक्साइडचाच, त्यामुळे हा रंग मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला.) म्हणून मी त्याच जातीच्या लाल रंगद्रव्याचा जवसाच्या तेलातला रंग घेतला. पहिला हात जाड बसला आणि त्यावर सायीसारख्या सुरकुत्या आल्या. तो खरवडून, अगदी पातळ असे तीन हात दिले आणि प्रत्येक हातानंतर दोन दिवस थांबले. या रंगाने माखलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मी त्या पाण्यात भिजवून मगच टाकल्या.

स्टूल शेवाळी खोलीत ठेवल्यावर भिंत आधीपेक्षा अधिक हिरवी दिसू लागली, गव्हाळ बैठकीत मात्र ते विटकरी आणि घरंदाज वाटते. ते बैठकीतच राहील. झोपण्याच्या खोलीचा निळा पूर्वेच्या उन्हात जरा जास्तच हिरवट होतो. जूनमध्ये साडेतीनच्या सुमारास सूर्य उगवू लागला, की पुठ्ठे तिथे पुन्हा लावून ‘एस २०१०-बी’ हा हिरवी झाक नसलेला निळा पाहीन.