तिसऱ्या बरणीचे २१४ दिवस

काचेच्या बरणीत गाळ, पाणी, वनस्पती आणि छोटे जीव घालून ती कायमची बंद करायची आणि आतले जग आपले आपण टिकते का ते पाहायचे, हा माझा खटाटोप. पहिल्या दोन बरण्या माझ्या हव्यासाने मेल्या. पहिलीत गावाकडच्या शेततळ्यातल्या गाळाचा चार बोटे जाड थर, तीन जातींच्या पाणवनस्पती, पाच गोगलगायी आणि हौसेखातर दोन झिंगेही घातले होते. नवव्या दिवशी गाळात काळा पट्टा दिसू लागला आणि झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा वास घरभर पसरला. कुजक्या पानांनी भरलेल्या जाड गाळात खालपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही आणि त्याच्याविना जगणारे जिवाणू हा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करू लागतात, हे मी तेव्हा ऐकून होतो, पण मनावर घेतले नव्हते. दुसरी बरणी दक्षिणेच्या खिडकीत ठेवली आणि आठवड्यात तिचे पाणी पालकाच्या सारासारखे हिरवे झाले.

तिसरी बरणी १२ ऑक्टोबरला भरली. लोणच्याची चार लिटरची काचेची बरणी, तळाशी जेमतेम बोटभर गाळ, त्यावर सात-आठ पाण्यांनी धुतलेली दोन बोटे जाड वाळू. पाणी निम्मे तळ्याचे, निम्मे नळाचे. क्लोरीन उडून जावे म्हणून नळाचे पाणी दोन दिवस उघड्या पातेल्यात ठेवले होते. हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीच्या वीतभर लांबीच्या दोन काड्या सोडल्या. या वनस्पतीला मुळे नसतात, ती पाण्यातूनच सारे शोषून घेते, त्यामुळे ती लावण्याची खटपट करावी लागत नाही. टोकदार शंखाच्या दोन छोट्या गोगलगायी आणि पळीभर डॅफ्निया, म्हणजे पाण्यात उड्या मारत पोहणारे इवलेसे कवचधारी जीव, घालून थांबलो. झिंगे या वेळी नाहीत.

बरणी काठोकाठ भरण्याचा मोह मात्र सर्वांनी टाळावा. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात फार तर आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. म्हणजे पाण्यावर सोडलेली लिटरभर रिकामी जागा हीच रात्रीची खरी शिदोरी, कारण अंधारात वनस्पतीदेखील प्राणवायू खर्चच करतात.

पहिले पंधरा दिवस तोंडाला दादरा बांधून ठेवला, डासांनी अंडी घालू नयेत म्हणून, आणि पाणी नितळ राहते आहे याची खात्री झाल्यावर झाकण लावून कडेने मेण ओतले.

एकतिसाव्या दिवशी भिंगातून काचेवर खसखशीएवढे दाणे सरपटताना दिसले. ते ऑस्ट्राकॉड, दोन शिंपल्यांत राहणारे इवले कवचधारी जीव; मी आणले नव्हते, गाळातून आले. सोबत शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या लटकावलेली सायक्लॉप्स या सूक्ष्म कवचधारी जिवाची मादीही होती. आजी पिण्याचे पाणी दुहेरी फडक्याने गाळून घेत असे, ते याच प्राण्यामुळे: नारू या जंताच्या अळ्या त्याच्या पोटातून माणसात येत. भारत नारूमुक्त झाल्याचे २००० साली जाहीर झाले, त्यामुळे आता त्याच्याकडे निव्वळ कौतुकाने पाहता येते.

शंभराव्या दिवसाच्या सुमारास डॅफ्निया दिसेनासे झाले. प्रतिकूल काळात ते टणक कवचाची अंडी सोडून जातात, म्हणून त्यांना मी मृतांच्या रकान्यात टाकलेले नाही.

हॉर्नवर्टची खालची पाने गळून वाळूवर पडली, तेव्हा गोगलगायींचे महत्त्व कळले. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मांडलेल्या निरीक्षणांतही हेच आहे. त्यांच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती होती, पण सडत्या पानांनी पाणी बिघडू लागले आणि तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्यावरच ते निवळले. माझ्या बरणीतही गळालेल्या पानांच्या शिरा तेवढ्या उरतात.

एप्रिलने घाबरवले. दुपारी चार वाजता खोलीतला पारा ३६ वर गेला. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि जिवांची गरज मात्र वाढते, त्यामुळे बरणी उत्तरेच्या खिडकीखाली शहाबादी फरशीवर उतरवली आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागाला ओले गोणपाट गुंडाळले. तरीही १८८व्या दिवशी एक गोगलगाय गेली. तिच्या शंखाचे टोक पांढरे पडून झिजले होते. हा दोष उन्हाळ्याचा नसून माझा आहे. शंखासाठी लागणारे कॅल्शियम मिळावे म्हणून अंड्याच्या कवचाचा एखादा तुकडा घालायला हवा होता आणि आता मेण फोडायचे नाही, असे ठरवले आहे.

आज, १४ मे, दिवस २१४. सकाळी अकराच्या सुमारास हॉर्नवर्टच्या तुटलेल्या टोकातून बुडबुड्यांची बारीक माळ वर जात होती. काचेच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या रेषेखाली दोन बोटांवर, साबुदाण्याच्या खिरीच्या थेंबासारखा पारदर्शक गोळा चिकटला आहे. भिंगाखाली त्यात चौदा ठिपके मोजले आणि त्यांपैकी निदान तीन आपल्याच जागी संथपणे गोल फिरत होते.