शटर पूर्ण ओढलं ती रात्र

वाशीच्या फळबाजारात अण्णांच्या गाळ्यावर मी मेहताजी, म्हणजे हिशेब ठेवणारा. गेल्या एप्रिलमध्ये एका शनिवारी रात्री देवगडहून आंब्याचे दोन ट्रक एकापाठोपाठ आले. माथाड्यांनी पेट्या उतरवल्या, थप्पी छताला टेकली. रविवारी बाजार बंद. कुणी पेट्या फोडायला नकोत म्हणून मी शटर पार खाली ओढलं, कुलूप घातलं आणि घरी गेलो. अण्णा नेहमी हातभर फट ठेवून वॉचमन बसवतात. मला तो फाजील लाड वाटायचा.

सोमवारी पहाटे शटर वर केलं तर तोंडावर गरम वाफ आली. वास इतका गोड की पोटात कालवलं. अण्णांनी मधल्या थरातली पेटी फोडली, पेंढ्यात मनगटापर्यंत हात घातला आणि माझाही हात धरून आत नेला. भाकरीच्या टोपलीत असते तशी ऊब. आंबा पिकताना स्वतः उष्णता सोडतो. वारा नसला की ती तिथेच कोंडते. आंबे पिकवायला पेंढ्यात झाकून ठेवतात, तशी अख्ख्या गाळ्याची मी अढी लावली होती.

ओरडले नाहीत. रसवाल्यांना फोन लावले, दुपारच्या आत मिळेल त्या भावाने माल मोकळा केला. मग चहा घेताना म्हणाले, "क्रॉफर्डला शटर नव्हतं की काय? होतं. पण वर छप्पर होतं."

क्रॉफर्ड म्हणजे मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट, घाऊक फळबाजार आधी तिथे होता. १८६९ची ती इमारत, आताची महात्मा फुले मंडई. आराखडा एमर्सनचा, दारावरची शिल्पं लॉकवुड किपलिंगची. ही नावं माझी, वाचलेली. अण्णांना आठवतं ते उंच लोखंडी छप्पर आणि त्याखाली खेळणारी हवा. १९९६ साली घाऊक फळबाजार वाशीला आला, तेव्हा तेही आले. तिकडचं कौतुक सांगतात, पण लगेच पुस्तीही जोडतात: "ट्रक उभा करायला जागा नव्हती रे. रस्ता तुंबायचा, शिव्या आम्ही खायचो."

संध्याकाळी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाचा हिशेब, करायला बसलो. माल ज्या भावाने गेला तो भाव मी लिहिला. अण्णांनी कागद फाडला. "शनिवारचा भाव लाव. त्याने आंबा चांगला पाठवला होता."

तूट गाळ्याच्या वहीत गेली. रकमेपुढे अण्णांनी माझं नाव लिहिलं, पेन्सिलने. पगारातून काही कापलं नाही. नाव अजून खोडलेलंही नाही.