घरबसल्या कोनी आयलंड

न्यूयॉर्कला जायचा योग येईल तेव्हा येईल, पण तिथलं कोनी आयलंड मी घरात बसून, पाय वर घेऊन पाहून घेतलं. ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला, अटलांटिकच्या काठावरची ही शंभर वर्षांहून जुनी जत्रा. नावात आयलंड असलं तरी मधली खाडी बरीचशी बुजवल्यामुळे ती आता जमिनीला जोडलेली आहे.

सगळे करतात तशी मीही सुरुवात सायक्लोनपासून केली. 1927 सालचा रोलर कोस्टर. सांगाडा पोलादी, रूळ लाकडी आणि पहिलाच उतार 85 फुटांचा. पुढच्या डब्यातून काढलेले व्हिडिओ ढिगानं सापडतात. खरं सांगू? मजा नाही आली. स्क्रीनवर उतार पार सपाट दिसतो आणि पोटात गोळा काही येत नाही. हेडफोन लावल्यावर जरा जीव आला, कारण चढणीवरची साखळीची कडकड आणि लाकडी रुळांचा खडखडाट कानात नीट घुमतो. फेरी दोन मिनिटांच्या आत संपते, त्यामुळे निराशाही लवकर आटोपते.

मग ठरवलं, झुल्यांच्या मागे न लागता आधी पायी फिरायचं. गुगलच्या नकाशावर स्टिलवेल अव्हेन्यू स्टेशनच्या बाहेर उभी राहिले. हे स्टेशन समजून घेतलं की अर्धं कोनी आयलंड समजतं. 1920 मध्ये सबवे इथवर पोचली आणि पाच सेंटांच्या तिकिटात कामगारांची कुटुंबं समुद्रावर यायला लागली. त्याआधी जायला वेळही लागायचा आणि पैसेही. समोर सर्फ अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर 1916 पासूनचं हॉट डॉगचं प्रसिद्ध दुकान, तिथून सरळ खाली गेलं की 1923 मध्ये खुला झालेला बोर्डवॉक, म्हणजे किनाऱ्यालगतचा लाकडी फळ्यांचा पायरस्ता. पश्चिमेला पॅराशूट जंप नावाच्या जुन्या खेळाचा लाल सांगाडा दिसतो. तो 1939 च्या जागतिक प्रदर्शनासाठी दुसरीकडे उभारला होता आणि 1941 मध्ये इथे आणला. आता तो चालत नाही, नुसता उभा आहे. कॉम्प्युटरवर पाहत असाल तर त्याच जागेची आधीच्या वर्षांची छायाचित्रंही उघडता येतात. मी या भानगडीत एक अख्खी संध्याकाळ घालवली. दुकानांच्या पाट्या बदलतात, कुंपणं येतात आणि जातात.

वंडर व्हीलच्या वेळी आई शेजारी येऊन बसली. हा पाळणा 1920 चा, दीडशे फूट उंच. 24 डब्यांपैकी 16 डबे चाकाच्या आतल्या रुळांवरून घसरत पुढेमागे जातात.

"अगं, डबा सुटला की काय तो!" आई ओरडलीच.

"सुटला नाही गं आई, तो मुद्दाम घसरतो. भीती वाटत असेल तर स्थिर डब्यांची रांग वेगळी असते."

1977 च्या जुलैमध्ये शहरभर वीज गेली, तेव्हा वर अडकलेल्यांना चाक हातानं फिरवून खाली उतरवलं होतं. हे ऐकून तिनं स्थिर डब्यांचाही नाद सोडला.

पण सांगण्यासारखं खरं यानंतर आहे. आज दिसतं ते उरलेलं कोनी आयलंड. गेलेलं पाहायचं तर अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जा. तिथे एडिसनच्या कंपनीसाठी एडविन पोर्टर यांनी 1905 मध्ये केलेलं रात्रीचं चित्रण आहे. पडदा काळाकुट्ट असतो. इमारती दिसतच नाहीत, दिसतात ते फक्त दिवे. कमानी, घुमट आणि ड्रीमलँड नावाच्या तिथल्या मनोरंजन उद्यानाचा उंच मनोरा, सगळं ठिपक्यांच्या रेघांनी काढलेल्या रांगोळीसारखं. कॅमेरा सावकाश सरकत राहतो. घरोघरी वीज नव्हती त्या काळात हे प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं काय झालं असेल, हे मला सायक्लोनच्या व्हिडिओपेक्षा इथे जास्त कळलं.

त्यातलं ड्रीमलँड 1904 मध्ये उघडलं आणि 1911 च्या मे महिन्यात एका पहाटे जळून खाक झालं. ज्या खेळाच्या डागडुजीत आग लागली, त्याचं नाव 'हेल गेट', म्हणजे नरकाचं दार! आगीच्या विम्यासाठी काढलेले जुने नकाशेही डिजिटल रूपात मिळतात. त्यांत विटांचं बांधकाम गुलाबी आणि लाकडाचं पिवळं रंगवतात. एवढं लक्षात ठेवून नकाशा पाहिला की इथे आगी का लागत, ते वेगळं सांगावं लागत नाही. 1907 मध्ये स्टीपलचेस पार्क जळालं, तर मालक जॉर्ज टिलयू यांनी पाटी लावली: जळते अवशेष पाहायचे दहा सेंट! धंदा रक्तात असणं म्हणजे काय ते हे. ड्रीमलँडच्या जागेवर आता न्यूयॉर्क अ‍ॅक्वेरियम आहे, 1957 पासून. एका खिडकीत जुना फोटो आणि दुसऱ्या खिडकीत आजचा रस्ता असं शेजारी शेजारी ठेवून पाहा.

आईला सगळ्यांत जास्त धरून ठेवलं ते पेटीतल्या बाळांनी. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी 1903 पासून लूना पार्क या तिथल्याच मनोरंजन उद्यानात अपुऱ्या दिवसांची बाळं ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्यांत ठेवून चक्क तिकीट लावून दाखवली. बहुतेक रुग्णालयांकडे तेव्हा अशी सोय नव्हती. आईबापांकडून ते एक सेंटही घेत नसत, खर्च तिकिटांतून निघे. 1943 पर्यंत हे चाललं आणि हजारो मुलं वाचली. मला ते प्रदर्शन आधी किळसवाणं वाटलं होतं. आई म्हणाली, "बघणाऱ्याचं काय जातंय? पोरं जगली ना?" यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

शेवटी एक सुचवते. कोनी आयलंड हिस्टरी प्रोजेक्टनं जुन्या रहिवाशांच्या आणि तिथे काम केलेल्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. त्या स्वयंपाक करता करताही ऐकता येतात. लाईव्ह कॅमेरा लावणार असाल तर तिथला दिवस आणि हंगाम आधी तपासा. थंडीत खेळ बंद असतात आणि आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिथे रात्र.