आईला एएमडी निघालाय, मग आपली जीन टेस्ट करायची का?

आई-वडिलांपैकी एकाला एएमडी, म्हणजे वयोमानानुसार होणारी मॅक्युलाची (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची) झीज, निघाली की मुलांचा हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तर: नको. त्या पैशात पडद्याची नीट तपासणी होते.

जीनचा संबंध खोटा नाही. पहिल्या गुणसूत्रावरच्या सीएफएच जीनचा या आजाराशी असलेला दुवा २००५ मध्ये सापडला. त्यातल्या एका ठरावीक बदलाची एक प्रत असेल तर धोका साधारण अडीचपट, दोन्हीकडून आली तर सहापटीच्या आसपास. दहाव्या गुणसूत्रावरही असंच एक ठिकाण आहे. पण एक प्रत असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही, आणि नसलेल्यांनाही होतो. रिपोर्ट काहीही आला तरी सल्ला बदलत नाही. म्हणूनच अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीसुद्धा सरसकट टेस्ट करू नका असं सांगते.

आपल्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट आहे सिगारेट-बिडी. तिने धोका दुपटीच्या वर जातो, आणि जीनच्या धोक्यात तो वेगळा मिळवायचा.

आता गोळ्या. ‘एरेड्स-२’ या एएमडीवरच्या मोठ्या अभ्यासातला फॉर्म्युला असा: व्हिटॅमिन सी ५०० मिग्रॅ, व्हिटॅमिन ई ४०० आययू, ल्युटीन १० मिग्रॅ, झिॲक्झँथिन २ मिग्रॅ, झिंक ८० मिग्रॅ, कॉपर २ मिग्रॅ. झिंकमुळे शरीरातलं तांबं कमी पडतं, म्हणून कॉपर. डब्यावर नुसतं ‘ल्युटीनयुक्त’ लिहिलेलं असतं. मागची बारीक अक्षरं वाचा. बीटा-कॅरोटीन असेल तर धूम्रपान करणाऱ्याने, आणि सोडलेल्यानेही, ती गोळी घेऊ नये. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. शिवाय या गोळ्या मधल्या टप्प्यातल्या, म्हणजे मोठे ड्रुसेन (पडद्याखालचे पिवळसर साठे) दिसणाऱ्या, किंवा एक डोळा पुढच्या टप्प्यात गेलेल्या रुग्णांसाठी आहेत. डोळे निरोगी असलेल्या मुलाने आईच्या डब्यातली गोळी घेऊन काही साधत नाही. त्याने पालक, मेथी, शेवग्याचा पाला खावा, पण फोडणीत तेल घालून. ल्युटीन तेलातच विरघळतं.

आईसाठी ॲम्सलर ग्रिड, म्हणजे मधे ठिपका असलेला चौकटींचा कागद, फ्रिजवर चिकटवा. उजेड भरपूर, वाचायचा चष्मा लावलेला, अंतर ३० सेंमी. एक डोळा हाताने पूर्ण झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा डोळा. चूक इथेच होते: दोन्ही डोळे उघडे ठेवले की चांगला डोळा बिघडलेल्याला सांभाळून घेतो आणि महिनोन् महिने काही कळत नाही. रेघ वाकडी, तुटलेली किंवा पुसट दिसली, बाथरूमच्या टाइल्सचे सांधे लाटेसारखे वाटले, तर ‘मोतीबिंदू असेल, पिकू दे’ म्हणत बसू नका. एक-दोन दिवसांत रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा. वेट प्रकार (पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या वाढून गळतात तो) असेल तर ओसीटी, म्हणजे पडद्याचं स्कॅन, काढून डोळ्यात इंजेक्शनं सुरू करतात, आणि उशिरात गेलेली नजर बहुधा पूर्ण परत येत नाही.

मुलांनी पन्नाशीनंतर बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. थेंबांनंतर काही तास अंधूक दिसतं, तेव्हा त्या दिवशी स्कूटर घरीच ठेवा.