तिला घातलं कुणी?

"काल माझी मुलगी ऑफिसातून आली आणि म्हणाली, 'आय ॲम वॉर्न आउट.' वॉर्न म्हणजे वेअरचंच ना ते? मग तिला घातलं कुणी?"

दुपारचे अडीच वाजले होते, माझ्या हातात अर्धवट चिरलेली भेंडी होती आणि दारात शेजारच्या आयी उभ्या होत्या, बगलेत इंग्रजीची वही घेऊन.

आयी म्हणजे आपली आई नव्हे. चिनी भाषेत मावशीला आयी म्हणतात आणि आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला तीच हाक मारतात. मागे सासूबाई महिनाभर सिंगापूरला राहायला आल्या होत्या. मी शेजारणीला "आयी, चहा घेणार?" असं विचारताना त्यांनी ऐकलं आणि पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या. त्यांना मी सुरुवातीपासून 'अहो आई' म्हणते, त्यात ते 'अहो' जरा जड पडतं म्हणा.

तर या आयी हार्बिनच्या. चीनच्या पार ईशान्येला, जिथे हिवाळ्यात पारा उणे वीसच्याही खाली जातो. नातू सांभाळायला इथे आल्या आणि वयाच्या सत्तरीत इंग्रजी शिकायला बसल्या. आमचं बोलणं थोडं इंग्रजीत, थोडं फोनमधल्या भाषांतरात आणि बाकी हातवाऱ्यांत चालतं. 'वेअर' हा त्यांचा जुना दुष्मन. 2020 मध्ये इथे मास्कची सक्ती आली तेव्हा तो शब्द त्यांना पहिल्यांदा भेटला, जिथे तिथे पाट्याच होत्या. नातवामागे "वेअर मास्क! वेअर मास्क!" करत कॉरिडॉरभर धावायच्या. तोवर सगळं ठीक होतं. मग वहीत चित्रं आली.

चित्रात एक गृहस्थ. डोक्यावर हॅट, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात टाय, पायात बूट, ओठावर मिशी. खाली वाक्य : तो हॅट वेअर करतो, चष्मा वेअर करतो, अशी सरळ मिशीपर्यंत यादी. आयींनी प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने बारीक चिनी अक्षर काढलं होतं, आणि ती अक्षरं सारखी नव्हती. कपडे, बूट, पायमोजे यांना 'छ्वान'. टोपी, चष्मा, अंगठी, घड्याळ, मास्क यांना 'ताय'. टायला वेगळंच क्रियापद, ज्याचा मूळ अर्थ 'मारणे'. आणि मिशीला जे आहे त्याचा अर्थ चक्क 'राखणे'.

"आम्हीही राखतोच!" मी ओरडलेच जवळजवळ.

मिशी वेअर करतो म्हणजे रात्री काढून ठेवतो का, असं विचारून त्या इतक्या हसल्या की त्यांनाच ठसका लागला.

छ्वानचं अक्षर त्यांनी मला मोठं काढून दाखवलं. वर गुहा, खाली दात. दाताने भोक पाडून आरपार जाणे हा त्याचा मूळ अर्थ. पाय विजारीतून आरपार जातो, हात बाहीतून, म्हणून छ्वान. ताय म्हणजे वर धारण करणे. मी लगेच वकिली सुरू केली : मग हातमोजात हात आत जातो तरी तो 'ताय' का? आयींनी खांदे उडवले. मीही गप्प बसले. चष्मा 'लावतो', टोपी 'घालतो', फेटा 'बांधतो', शाल 'पांघरतो', गजरा 'माळतो' आणि बांगड्या 'भरतो' असं बोलणाऱ्या बाईने दुसऱ्याच्या घरात तर्कशास्त्र शोधायला जाऊ नये.

या बाबतीत आमच्या घराला खोडच आहे. मी सहा-सात वर्षांची असेन. वाईला आजीकडे मे महिन्यात राहायचे. एका सकाळी देवळात जायची घाई होती, आणि मी म्हटलं, "आजी, साडी घाल ना लवकर." आजीचा हात निऱ्यांतच थांबला. "घालतात ते झबलं," ती म्हणाली. "साडी नेसतात." आणि मग मुद्दाम सावकाश नेसली, कासोट्यापर्यंत सगळं, मला समोर उभं करून. देवळातली आरती चुकली. तिचं ओलं लुगडं उंच दांडीवर काठीने चढवायचं काम माझं होतं, आणि ती काठी माझ्याहून दुप्पट उंच होती. लुगडं आधी सणाला नेसायचं, मग बाहेर जायला, मग घरात. विरायला लागलं की गोधडी. गोधडीच्याही चिंध्या झाल्या की पोतेरं. नेसण्यापासून पोतेऱ्यापर्यंत वीसेक वर्षं तरी जात.

तेव्हापासून 'साडी घातली' ऐकलं की माझ्या कपाळावर आठी येते. मालिकेतल्या नायिकेने म्हटलं की मी टीव्हीशी भांडते. इथे मंडळाच्या गणपतीला माझ्या लेकीने विचारलं, "आई, मी साडी वेअर करू?" तेव्हा मी तिला तिथल्या तिथे उभं करून आजीचा धडा दिला. आणि त्याच संध्याकाळी, टॅक्सी खाली येऊन उभी असताना, मीच ओरडले, "अगं, घाल ना ती साडी पटकन!" आजी वरून बघत असेल तर असो.

आयींच्या वहीतलं 'ताय' मात्र मला फार आवडलं. त्यांच्याकडे हाडवैऱ्यासाठी म्हण आहे : आम्ही दोघं एकच आभाळ डोक्यावर घेऊ शकत नाही. आभाळालाही तेच टोपीचं क्रियापद! श्रेय भलत्यालाच गेलं तर 'चांगची टोपी लीच्या डोक्यावर'. टोपीवरून आठवलं. नवऱ्याला एका शर्यतीत छान हिरवीगार टोपी मिळाली होती. ती घालून तो लिफ्टपाशी उभा होता, आयी त्याच्याकडे पाहून तोंडावर हात ठेवून पळाल्या. कारण सांगेनात. शेवटी त्यांच्या मुलीने लाजत लाजत सांगितलं की चिनी लोकांत हिरवी टोपी त्या नवऱ्याच्या डोक्यावर असते ज्याची बायको दुसऱ्याबरोबर असते. टोपी आता माळ्यावर आहे.

पण प्रश्न मुलीला कुणी घातलं हा होता. मी भेंडी बाजूला ठेवली. म्हटलं, बूट रोज घातले की झिजतात ना, इंग्रजीत त्या झिजण्यालाही वेअरच म्हणतात. माणूस दमला की तोही 'वॉर्न आउट'. आयींना हे पटेना. घालणं वेगळं, झिजणं वेगळं. घालताना कुणी झिजण्याचा विचार करतं का? मला पोतेरं आठवलं, पण ते फोनला कसं सांगणार? (रात्री शोधलं तर कळलं की वेअर आणि आपलं वस्त्र ही एकाच फार जुन्या धातूची लेकरं आहेत. म्हणजे इंग्रजांनी आपल्याच चुलत घराण्यातला शब्द झिजवला.)

आयींनी मनगट पुढे केलं. जुनं, पुरुषी, किल्लीचं घड्याळ, पट्टा त्यांना सैल. त्यांच्या लग्नाच्या काळात चीनमध्ये नवऱ्या मुलाकडून तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी वस्तू मागायची पद्धत होती : सायकल, शिवणयंत्र, घड्याळ आणि रेडिओ. आपल्याकडे सायकल, घड्याळ, रेडिओ उलट्या बाजूने मागत, मुलगीवाल्यांकडून, एवढाच फरक. आयींच्या वाट्याला चारातलं फक्त घड्याळ आलं, तेही नवऱ्याच्याच मनगटावर. तो कारखान्यात होता. हार्बिनला डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. तो जायचा अंधारात, यायचा अंधारात. अशा माणसासाठी चिनीत चार अक्षरं आहेत, आयींनी ती वहीत लिहिली : चांदण्या पांघरून, चंद्र डोक्यावर घेऊन. त्यातला चंद्रही 'ताय'च.

मग त्यांनी खाली इंग्रजीत स्वतःचं वाक्य लिहिलं. फार वेळ लागला, दोनदा खोडलं. वही माझ्याकडे सरकवली.

'हजबंड वॉर्न आउट. वॉच नॉट.'

मी पेन्सिल घेतली. क्रियापद कुठे आहे, काळ कुठला, सगळंच दुरुस्त करायचं होतं. तेवढ्यात खिडकीबाहेर पाऊस कोसळायला लागला आणि आम्ही दोघी आपापल्या स्वयंपाकघराकडे पळालो, बांबूंवर वाळत घातलेले कपडे आत ओढायला. वही माझ्याकडेच राहिली आहे. दोनदा उघडली, वाक्य अजून तसंच आहे.