राजगिऱ्याचे डोंगर

मेक्सिको सिटीत उतरल्यापासून ती गोष्ट आमची पाठ सोडत नव्हती. हॉटेलच्या भिंतीवर, ट्रकच्या मागे, मेन्यूकार्डावर, सगळीकडे तेच चित्र: निपचित पडलेली सुंदरी आणि शेजारी पिसांचा मुकुट घातलेला, नुकताच जिममधून आल्यासारखा योद्धा. ती इस्ताक्सिवात्ल, तो पोपोकातेपेत्ल. तिच्या बापाने त्याला लढाईवर पाठवलं. तो मेल्याची खोटी बातमी आली आणि ती झुरून गेली. तो परतला, तिला डोंगरावर निजवलं आणि मशाल घेऊन राखणीला बसला. पुढे दोघांचे पर्वत झाले. मशाल अजून धुमसते, कारण ५,४२६ मीटरचा पोपो जिवंत ज्वालामुखी आहे आणि १९९४ च्या डिसेंबरात जागा झाल्यापासून राख उडवतोच आहे.

१९४० च्या सुमारास खेसूस हेल्गेरा या चित्रकाराने ही जोडी रंगवली आणि कॅलेंडरांवरून ती घरोघरी गेली. आपल्याकडे लक्ष्मी-सरस्वती रविवर्म्याने काढल्या तशाच दिसतात ना, तसंच तिथे या दोघांचं झालंय.

शहर, म्युझियम, पिरॅमिड यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते पासो दे कोर्तेसबद्दल. दोन पर्वतांमधली ही खिंड साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. १५१९ च्या नोव्हेंबरात स्पॅनिश सरदार कोर्तेस इथूनच ॲझ्टेकांच्या राजधानीकडे, तेनोच्तित्लानकडे उतरला. मेक्सिकोत नोकरी करणाऱ्या भाच्याने टूरच्या व्हॅनमध्ये जागा काढली होती. गाइड वाटभर ती प्रेमकथा सांगत होता, आणि वर पोचल्यावर त्याने जोडप्यांना त्याच पोझमध्ये उभं करून फोटो काढायला सुरुवात केली. बायको आडवी, नवरा गुडघ्यावर! पर्वत मात्र दोन्ही गायब. पावसाळ्यातली दुपार, ढग असे दाटलेले की पुढची गाडी दिसेना. मला थंडी वाजत होती, डोकं दुखत होतं आणि त्या गाइडचा माइक काढून घ्यावासा वाटत होता.

एका टपरीच्या आडोशाला दालचिनी घातलेली कॉफी घेतली. भाच्याने पायथ्याच्या अमेकामेका गावच्या बाजारातून घेतलेली पुडी सोडली.

"मावशी, बघ, तुझा उपास सोडायला राजगिरा."

खरंच राजगिऱ्याची वडी! फुलवलेला दाणा, गुळासारख्या पाकात बांधलेला, वर शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया. तिथे तिला आलेग्रिया म्हणतात. राजगिरा मुळात अमेरिकेतला, शेंगदाणा आणि रताळंही तिथलंच. म्हणजे आपलं एकादशीचं ताट निम्मंअधिक यांच्याकडून आलेलं.

पण त्या खिंडीत बसून राजगिरा खाण्यात आणखी एक गंमत होती. सोळाव्या शतकात दिएगो दूरान या पाद्र्याने इथल्या डोंगरांच्या सणाचं वर्णन लिहून ठेवलंय. लोक राजगिऱ्याच्या पिठाचे डोंगर करत, त्यांना डोळे-तोंड काढत. मधोमध पोपो, भोवती इस्ता आणि बाकीचे. पूजा झाली की बळी द्यावा तसे ते कापायचे आणि खायचे. पाद्र्यांना त्यात आपल्याच चर्चमधल्या प्रसादाचा भास होऊन धडकी भरली. (सगळं गोडगोड नव्हतं. या सणात माणसंही मारली जात, हे त्याच काळचे पाद्री सांगतात.) दूरानच्या लिखाणात इस्ता कुणाची प्रेयसी नाही, स्वतःचं देऊळ असलेली देवी आहे.

त्याच शतकातल्या बेर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्याने इथल्या मूळच्या नाहुआ लोकांकडून ऐकलेलं तर मला फार आवडलं: डोंगर आतून पोकळ असतात, रांजणासारखे पाण्याने भरलेले, आणि फुटले तर जग बुडेल. पाऊस डोंगरातून येतो, म्हणून डोंगराची मर्जी राखायची. ज्या ढगांना मी तासभर शिव्या देत होते, त्यांच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. मग त्या आडव्या-गुडघ्यावर फोटोंचा राग जास्तच आला. इतका मोठा व्यवहार, पाण्याचा नि पोटाचा, आणि उरलं काय, तर हनिमूनचं पोस्टर.

अर्थात सगळंच पोस्टर झालेलं नाही. पोपोच्या पायथ्याच्या गावांत त्याला डॉन गोयो म्हणतात, आपल्या भाषेत गोयोराव; गोयो हे ग्रेगोरिओचं, म्हणजे ग्रेगरीचं लाडकं रूप. १२ मार्चला, संत ग्रेगरीच्या दिवशी, सान्तियागो शालित्सिंत्लाचे लोक त्याच्यासाठी कपडे, फळं, जेवण घेऊन डोंगरावर जातात. तो रागावू नये आणि पाऊस वेळेवर यावा, एवढंच मागणं. मला जायचं होतं ते तिथे. टूरमध्ये ते गाव नाही, विचारलं तर गाइडला प्रश्नच कळला नाही.

इस्ताचं तर पाणीच आटत चाललंय. तिच्यावरची आयोलोको हिमनदी संपली, आणि २०२१ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या लोकांनी तिथे तशी पाटी लावली. गाइडने हे सांगितलं नाही. कदाचित फोटोला शोभत नसेल.

जायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा आणि पहाटे निघा. टूर घेऊ नका, अमेकामेकापर्यंत बस मिळते, पुढे टॅक्सी. वड्या तिथल्या बाजारातच घ्या. भाच्याने परतताना मला आणखी दोन पुड्या दिल्या, त्या विमानातच संपल्या, आणि तो एकादशीचा दिवस नव्हता.